अंजायना: छाती का आवळते, गोळ्या नेमकं काय करतात आणि दुखण्याची चाल बदलली तर

शततारका (धागाकर्ता)

छातीत दुखण्याचा विषय निघाला की अंजायना आणि हृदयविकाराचा झटका यांची सरमिसळ होते. म्हणून हा वेगळा धागा. इथे ईसीजी काढणारे, औषधशास्त्रातले आणि हृदयरुग्णांचा व्यायाम घेणारे सदस्य आहेत, त्यांनी आपापल्या भागाची भर घालावी ही विनंती.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. छातीत दडपण आलं आहे, ते बसल्या जागी आलं किंवा विश्रांती घेऊनही पाच मिनिटांत उतरायला लागलं नाही, सोबत घाम, मळमळ, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. थोडा वेळ वाट बघू म्हणण्यात जो वेळ जातो, त्या वेळात स्नायू मरत असतो.

आता मूळ मुद्दा. अंजायनात हृदयाचा स्नायू उपाशी असतो पण जिवंत असतो. झटक्यात धमनी बहुधा गुठळीने बंद होते आणि तो भाग मरायला लागतो. अंजायनात उपासमार का होते, हे नीट समजलं की पुढचे सगळे उपचार आपोआप समजतात.

शरीरातले बाकीचे स्नायू विश्रांतीत रक्तातला थोडाच प्राणवायू घेतात, त्यामुळे जास्त काम पडलं तर त्याच रक्तातून आणखी काढून घेता येतो. हृदयाला ती सोय नाही. शांत बसलेलं असतानाही ते आपल्या वाट्याच्या रक्तातला सुमारे ७० ते ७५ टक्के प्राणवायू काढून घेतं. जास्त हवा असेल तर एकच मार्ग उरतो: जास्त रक्त आणणं. निरोगी धमन्या प्रवाह चार-पाच पट वाढवू शकतात. आतल्या भिंतीत चरबीयुक्त थर साठला की ही वाढवण्याची ताकद आधी जाते. व्यास निम्मा झाला म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ७५ टक्के कमी झालं, तरीही बसल्या जागी काही जाणवत नाही. साधारण ७० टक्के अरुंद झाली की जिना चढताना रक्त कमी पडतं. डावी मुख्य धमनी असेल तर ५० टक्केसुद्धा गंभीर धरतात, कारण हृदयाचा फार मोठा भाग तिच्यावर अवलंबून असतो.

आणखी एक अडचण. डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं त्या वेळात. आकुंचन पावताना स्नायू स्वतःच आपल्या आतल्या वाहिन्या दाबून टाकतो. नाडी वाढली की ही सैल पडण्याची वेळ कमी होते. म्हणजे नाडी जलद झाली की मागणी वाढते आणि पुरवठ्याचा वेळ मात्र घटतो. नाडी मंद करणारी औषधं का देतात त्याचं उत्तर इथे आहे.

लक्षण ओळखताना 'दुखतं का?' असं विचारू नये. पुष्कळ जण 'दुखत नाही' असंच सांगतात आणि ते खरं असतं. दडपण, जडपणा, आवळल्यासारखं, छाती भरून आल्यासारखं, पट्टा करकचून बांधल्यासारखं, असे शब्द येतात. दाखवताना हाताची मूठ किंवा पूर्ण पंजा छातीच्या मधोमध ठेवतात. जबडा, गळा, खांदे, डावा किंवा दोन्ही हात, पाठ, पोटाचा वरचा भाग इथेही जाणवू शकतं. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये हे दुखणं मांडलं, ते १७७२ मध्ये छापलं गेलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच चालताना येतं आणि थांबलं की जातं, हे त्यांचं निरीक्षण आजही निदानाचा पाया आहे.

तीन खुणा: मधोमध दडपण, श्रमाने किंवा मानसिक ताणाने सुरुवात, विश्रांतीने किंवा जिभेखालच्या गोळीने साधारण पाच मिनिटांत आराम. तिन्ही असतील तर अंजायनाची शक्यता बरीच मोठी. दोन असतील तर तपासणी हवीच. काही सेकंदांची चमक, बोटाने दाखवता येणारी जागा, दाबल्यावर किंवा श्वास घेतल्यावर वाढणारी कळ, यांत हृदयाची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. स्त्रिया, मधुमेही आणि वयस्कर माणसं यांच्यात दडपणाऐवजी नुसता दम लागणं, अवाजवी थकवा, मळमळ एवढंच असू शकतं. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण नेमके हेच रुग्ण उशिरा पोहोचतात.

---

तळटीप

जिभेखालच्या गोळीवर लिहितो. साधं औषध आहे, पण वापरताना सर्वात जास्त चुका याच्यात होतात.

नायट्रोग्लिसरीनची गोळी ०.३ ते ०.६ मिलिग्रॅमची असते, फवारा प्रत्येक दाबाला ०.४ मिलिग्रॅम देतो. काही ठिकाणी त्याऐवजी आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती थोडी उशिरा लागू होते आणि जास्त वेळ टिकते.

क्रम असा:

१. हातातलं काम थांबवा आणि खाली बसा. उभं राहून घेतली तर रक्तदाब उतरून चक्कर येते, माणूस कोसळतो. पूर्ण आडवं झालं तर पायांकडचं रक्त हृदयाकडे परत येतं आणि त्याचं काम वाढतं. म्हणून पाठ टेकून बसणं उत्तम.

२. गोळी जिभेखाली ठेवा, विरघळू द्या. गिळू नका. पोटातून गेली की बहुतेक औषध यकृतातच संपतं. तोंड कोरडं असेल तर आधी पाण्याचा एक घोट घ्या. फवारा असेल तर जिभेखाली किंवा जिभेवर मारा, श्वासासोबत आत ओढू नका.

३. घड्याळ बघा. एक ते तीन मिनिटांत फरक पडायला लागतो. पाच मिनिटांनी दुखणं तसंच असेल किंवा वाढलं असेल तर रुग्णवाहिका बोलवा. बोलावल्यावर, वाट बघताना, दर पाच मिनिटांनी आणखी एक घेता येते, एकूण तीनपर्यंत. तिसरी गोळी संपल्यावर फोन करू, असा हिशेब करू नका.

४. झटक्याचा संशय असेल, अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल आणि रक्तस्राव होत नसेल, तर ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खा. चावल्याने लवकर शोषली जाते. आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी आख्खी गिळली तर परिणामाला फार वेळ लागतो.

डोकं ठणकणं, चेहरा तापणं हे अपेक्षित आहे, वाहिन्या रुंदावल्यामुळे होतं.

आता बाटलीबद्दल. नायट्रोग्लिसरीन उडून जाणारं आहे आणि प्लॅस्टिक व कापूस त्याला शोषून घेतात. म्हणून गोळ्या गडद काचेच्या मूळ बाटलीतच ठेवायच्या. आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत काढून ठेवल्या तर ऐन वेळी त्यात औषधच उरलेलं नसतं. खिशात अंगालगत बाटली ठेवली तर उष्णतेने तेच होतं. बाटली उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि माहितीपत्रकात दिलेल्या मुदतीनंतर बदला. जीभ चुरचुरली म्हणजे गोळी चांगली, हा समज भरवशाचा नाही.

आणि हे ठळक: लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा वार्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट (वरच्या दोन्ही गोळ्या याच गटातल्या) घेऊ नये. रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. रुग्णालयात हे विचारलं जातं तेव्हा संकोचाने लपवू नका.

---

ओवी

दोन प्रश्न. गोळीने बरं वाटलं म्हणजे दुखणं हृदयाचंच होतं असं धरायचं का? आणि पित्ताच्या औषधाने बरं वाटलं तर हृदय सुटलं म्हणायचं का?

---

शततारका

@ओवी, दोन्हींचं उत्तर नाही. अन्ननलिकेच्या स्नायूचा पेटकासुद्धा नायट्रेटने सैल पडतो. आणि अंजायना मुळात काही मिनिटांत आपणहून उतरतो, त्यामुळे त्याच वेळात पित्ताचं औषध घेतलं असेल तर श्रेय औषधाला जातं. 'चाललो की जळजळतं, थांबलो की बरं वाटतं' असं कुणी सांगितलं तर ते पित्त म्हणून सोडू नये. पित्ताचा संबंध जेवणाशी आणि आडवं होण्याशी असतो, पायऱ्यांशी नसतो.

---

आलेख

तपासण्यांबद्दल. 'ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदय ठीक' हा समज फार घातक आहे. स्थिर अंजायना असलेल्या सुमारे निम्म्या लोकांचा विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल असतो. साहजिकच आहे, त्या क्षणी स्नायू उपाशी नसतो. दुखत असतानाचा ईसीजी खूप काही सांगतो. शक्य असेल तर तो मिळवावा.

स्ट्रेस टेस्टमध्ये फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिल) चालवून ती उपासमार मुद्दाम घडवून पाहतात. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात: पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा ५.४ किलोमीटर आणि १४ टक्के. २२० वजा वय, याच्या ८५ टक्के नाडी गाठली गेली नाही तर अहवाल 'अपुरा' येतो. नाडी मंद करणारी गोळी घेऊन चाचणीला आलेल्यांचं बहुधा असंच होतं. चाचणी निदानासाठी असेल तर ती गोळी आधी थांबवायची का, हे डॉक्टरांनाच विचारा. मनाने बंद करू नका.

आलेखावर आम्ही काय शोधतो? उंच टोकदार लाट खाली उतरून संपते, तिच्यापुढचा रेषेचा तुकडा. निरोगी हृदयात तो मूळ रेषेच्या पातळीवर असतो किंवा किंचित खाली जाऊन झपकन वर येतो. उपाशी हृदयात तोच तुकडा एक मिलिमीटर किंवा जास्त खाली जातो आणि तिथे आडवा राहतो किंवा आणखी खाली घसरतो. एक मिलिमीटर म्हणजे कागदावरचा एक छोटा चौकोन. पट्टा थांबल्यावरही किमान पाच-सहा मिनिटं नोंद चालू ठेवायची, कारण काही बदल विश्रांतीच्या वेळातच दिसतात. केवळ रेषेवर निकाल देऊ नये: किती मिनिटं चालता आलं, दडपण आलं का, रक्तदाब वाढायच्या ऐवजी उतरला का, हे तेवढंच महत्त्वाचं आहे. रक्तदाब उतरणं ही वाईट खूण.

हृदयाच्या विद्युतमार्गाच्या डाव्या शाखेचा अडथळा, डाव्या कप्प्याची जाड झालेली भिंत, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असणं, यांत ही रेषा फसवते. तिथे ताणानंतरची सोनोग्राफी किंवा किरणोत्सारी द्रव्याचं स्कॅन उपयोगी पडतं. सीटी अँजिओग्राफी नॉर्मल आली तर मोठ्या धमन्यांमधला अडथळा जवळजवळ निश्चितपणे नाकारता येतो. त्यासाठी नाडी साठच्या आसपास हवी, नाहीतर प्रतिमा हलते.

रक्तातल्या ट्रोपोनिनबद्दल: ते स्नायूला इजा झाल्यावर वाढतं, म्हणून झटक्यासाठी बघतात, आणि एकदा नॉर्मल आलं तरी काही तासांनी पुन्हा बघतात. स्थिर अंजायनात ते बहुधा वाढलेलं नसतं.

---

तळटीप

@आलेख, एक भर: हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या दोन स्वस्त तपासण्या विसरल्या जातात. रक्तक्षय असेल तर तेवढ्याच प्रवाहात प्राणवायू कमी येतो. थायरॉइड वाढलेलं असेल तर नाडी धावत असते. दोन्हींत धमनीचा अडथळा तोच राहून दुखणं वाढतं, आणि मूळ कारण सुधारलं की कमी होतं.

---

शततारका

अगदी बरोबर. महाधमनीची अरुंद झालेली झडपही त्याच यादीत. म्हणून स्टेथोस्कोप लावल्याशिवाय निदान करू नये.

आता रोजच्या औषधांबद्दल. ती दोन कामांसाठी असतात आणि दोन्ही वेगवेगळी समजून घ्या. काही गोळ्या दुखणं कमी करतात, काही झटका टाळतात. दुसऱ्या प्रकारच्या गोळीने काहीच जाणवत नाही, म्हणून लोक नेमकी तीच बंद करतात.

*दुखण्यासाठी.* मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर नाडी मंद करतात. विश्रांतीतली नाडी ५५ ते ६० ठेवण्याचा प्रयत्न असतो. अचानक बंद केले तर नाडी उसळते आणि अंजायना बळावतो, झटकाही येऊ शकतो. बंद करायचेच असतील तर आठवडा-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने. दमा असेल तर आधी सांगा. अम्लोडिपिन (५ ते १० मिलिग्रॅम) वाहिन्या सैल करतं. घोट्यांवर सूज येते, ती मूत्रपिंडाची म्हणून घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल नाडीही मंद करतात, म्हणून बीटा ब्लॉकरसोबत व्हेरापामिल टाळतात आणि डिल्टियाझेम फार जपून देतात. दोन्ही मिळून नाडी धोकादायक मंद होऊ शकते.

दीर्घकाळ चालणारी नायट्रेट गोळी किंवा त्वचेवरची पट्टी यांचं गणित वेगळं. शरीराला नायट्रेटची सवय लागते आणि परिणाम उडून जातो. त्यामुळे रोज १० ते १४ तास नायट्रेटविना जावे लागतात. म्हणून मोनोनायट्रेटची दिवसभर चालणारी गोळी सकाळी एकदाच देतात आणि पट्टी रात्री काढतात. दिवसभर औषध असावं म्हणून मनाने संध्याकाळी आणखी एक वाढवली, तर उलट काहीच उरत नाही. एवढ्याने भागलं नाही तर निकोरॅन्डिल (तोंडात व्रण आले तर लक्ष ठेवा), रॅनोलाझीन, इव्हाब्राडीन, ट्रायमेटाझिडिन (कंपवात असेल तर नको) असे पर्याय आहेत.

*झटका टाळण्यासाठी.* अॅस्पिरिन ७५ ते १०० मिलिग्रॅम, भरपूर मात्रेत स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), रक्तदाब आणि साखर ताब्यात, तंबाखू पूर्ण बंद. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत अशा रुग्णांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) डेसिलिटरला ५५ मिलिग्रॅमच्या खाली आणि मूळ पातळीच्या निम्म्याहून कमी ठेवायला सांगितलं आहे. स्टॅटिन एकट्याने तिथे पोहोचलं नाही तर एझेटिमाइब जोडतात. रिपोर्टवरची 'नॉर्मल' मर्यादा निरोगी माणसासाठी असते, ती इथे लागू नाही. 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवली' हे वाक्य ऐकलं की काळजी वाटते, कारण ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं.

सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन वारंवार घेऊ नका. ते अॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं आणि हृदयालाही चांगलं नाही.

---

सांजवारा

सरळ विचारते. अँजिओग्राफीत अडथळा दिसला तर स्टेंट टाकून मोकळं का होऊ नये? गोळ्यांच्या भरवशावर राहणं म्हणजे धोका अंगावर घेणं नाही का?

---

शततारका

@सांजवारा, असंच सगळ्यांना वाटतं, आणि म्हणूनच मोठ्या चाचण्यांत हे तपासलं गेलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया चाचणीत ५१७९ स्थिर रुग्ण होते. एका गटाला चांगली औषधं आणि गरज पडली तरच अँजिओग्राफी, दुसऱ्याला औषधांसोबत सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि जमेल तिथे स्टेंट किंवा बायपास. मृत्यू आणि झटक्यांच्या एकत्रित प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. दुखणं मात्र दुसऱ्या गटात अधिक कमी झालं, ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला त्रास होता त्यांना सर्वात जास्त.

कारण समजण्यासारखं आहे. श्रमाने दुखवणारा अडथळा बहुधा जुना, घट्ट असतो. झटका अनेकदा दुसऱ्याच एखाद्या मऊ, पातळ सालीच्या थराने येतो. तो फुटतो आणि त्यावर गुठळी होते. फुटण्याआधी तो धमनी फारशी अडवतही नसतो. स्टेंट एका जागेवर बसतो. स्टॅटिन सगळ्या धमन्यांवर काम करतं.

हे सगळं स्थिर अंजायनाबद्दल. डावी मुख्य धमनी अरुंद असणारे त्या चाचणीत नव्हते. झटका येत असताना तर अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे ही चर्चा करत बसायचं नाही. मध्यम आकाराचा अडथळा खरंच रक्त अडवतो का अशी शंका असेल तर बारीक तारेने दाब मोजतात. अडथळ्यापुढचा दाब मागच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी भरला तर तो अर्थपूर्ण.

स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, स्थिर रुग्णात बहुधा सहा महिने, झटक्यानंतर बहुधा वर्षभर. दात काढायचा आहे किंवा डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून त्या परस्पर बंद करणं म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होण्याला वाट करून देणं. आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा.

डावी मुख्य धमनी, मधुमेहासोबत तीन धमन्यांचा आजार, कमकुवत झालेला डावा कप्पा, अशा वेळी बायपासचा विचार आधी होतो. छातीच्या आतली धमनी जोडली तर ती दहा वर्षांनंतरही बहुतेकांत चालू असते. पायाची शीर मानाने लवकर बंद होते.

---

ओवी

आणि अँजिओग्राफी स्वच्छ आली, तरी दडपण येतच राहिलं तर? 'मनाचे खेळ' म्हणून घरी पाठवतात.

---

शततारका

तसं पाठवणं चूक आहे. अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या धमन्या. त्यांच्या पुढच्या बारीक वाहिन्या नीट रुंदावत नसतील तर खरा अंजायना होतो आणि चित्र स्वच्छ दिसतं. स्त्रियांमध्ये हे अधिक आढळतं. दुसरा प्रकार धमनीच्या आचक्याचा, म्हणजे धमनी अचानक आकसण्याचा, तो १९५९ मध्ये प्रिंझमेटल यांनी वर्णन केला. हे दुखणं विश्रांतीत, बहुधा मध्यरात्र ते पहाट या वेळात येतं. यात अम्लोडिपिन किंवा डिल्टियाझेम आणि नायट्रेट उपयोगी, बीटा ब्लॉकरने मात्र वाढू शकतं. धूम्रपान हे याचं मोठं कारण. स्वच्छ अहवाल हातात असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: बारीक वाहिन्यांचा किंवा आचक्याचा विचार केला का?

---

रानवाट

व्यायामाबद्दल लिहिते, कारण निदान झाल्यावर माणसं खुर्चीला खिळतात आणि त्याने दुखणं आणखी कमी श्रमात यायला लागतं. सराव झालेल्या माणसाला तेवढ्याच चालण्याला कमी नाडी लागते, म्हणजे दुखण्याची पायरी पुढे सरकते.

पहिली आठ-दहा मिनिटं अगदी सावकाश चाला. वाहिन्यांना रुंदावायला वेळ मिळतो. अनेकांना सुरुवातीला दडपण येतं आणि सावकाश सुरुवात केली तर तेवढ्याच वेगाला पुढे येत नाही. वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये ज्या नाडीवर त्रास सुरू झाला, तिच्या किमान १० ठोके खाली राहा. शेवटची दहा मिनिटं पुन्हा सावकाश. एकदम थांबलं तर रक्त पायांत साठून चक्कर येते. आठवड्याला १५० मिनिटं हे ध्येय, पण सुरुवात दिवसाला दहा मिनिटांनी झाली तरी हरकत नाही.

भरपेट जेवणानंतर तासभर तरी नको. कडक थंडीत नाक-तोंड झाकून चाला, गार हवेने वाहिन्या आकसतात. जड वस्तू श्वास रोखून उचलू नका. ठरावीक श्रमाला हमखास त्रास होत असेल तर पाच-दहा मिनिटं आधी जिभेखालची गोळी घेता येते, डॉक्टरांना विचारून.

एक लहानशी वही ठेवा: तारीख, काय करत होतात, किती मिनिटं टिकलं, गोळी लागली का.

---

सांजवारा

वहीबद्दलच विचारते. समजा पूर्वी दोन मजले चढून त्रास व्हायचा, आता आठवड्याभरापासून एकाच मजल्यावर होतो, पण थांबलं की पूर्वीसारखाच जातो. पुढच्या महिन्यातल्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबलं तर चालेल का?

---

शततारका

@सांजवारा, नाही. कमी श्रमात, जास्त वेळा, जास्त वेळ टिकणारं किंवा गोळीला पूर्वीइतकं न जुमानणारं दुखणं म्हणजे अस्थिर अंजायना समजायचा, थांबल्यावर जात असलं तरी. आतला थर फुटून गुठळी धरत असण्याची शक्यता असते. आजच रुग्णालयात जायचं, ईसीजी आणि ट्रोपोनिन करून घ्यायचं. वही, चालू गोळ्यांची यादी आणि जुना ईसीजी सोबत न्या. जुना ईसीजी शेजारी असला की नवीन बदल चटकन दिसतो. आणि निघण्याआधी जिने चढउतार नको.